ओव्यांची वही आणि वेबसाइटची किल्ली

«सप्रेम नमस्कार. मी ६९ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. साताऱ्यात राहते, माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडकडचं. आई जात्यावर ज्या ओव्या म्हणायची त्या मी १९८७ ते १९९० या काळात तिच्याकडून उतरवून घेतल्या. दोनशेच्या वर आहेत, एका जाड वहीत. आई आता नाही. ही वही वेबसाइटवर घालावी असं फार दिवस मनात आहे. ओळखीतल्या एका मुलाने पंचवीस हजार आणि पुढे दरवर्षी सहा हजार सांगितले. नात म्हणते, आजी, इन्स्टाग्रामवर टाक. मुलगा म्हणतो, या वयात कशाला डोक्याला ताप. माझ्याकडे मुलाचा जुना लॅपटॉप आणि एक फोन आहे. हाताला थोडा कंप आहे. मला हे स्वतः जमेल का? आणि माझ्यामागे त्या वेबसाइटचं काय होईल?

ता. क. वहीच्या एका पानावर तेल सांडून दोन ओव्या अर्ध्या पुसल्या आहेत. त्या मी माझ्या मनाने पूर्ण केल्या तर चालेल का?»

ताई, नमस्कार.

जमेल. ज्या बाईने वर्षानुवर्षं पहिलीच्या पोरांना ‘ग म भ न’ गिरवायला लावलं, तिला चार बटणं कुठली जड जाणार? पण उत्तर एवढ्यावर थांबवलं तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर अन्याय होईल. ‘माझ्यामागे काय होईल’ हे वेबसाइट करायला निघालेले लोक सहसा सगळ्यात शेवटी विचारतात, बरेच जण विचारतच नाहीत. तुम्ही आधीच विचारलंत म्हणून मीही तिथूनच सुरू करते.

माझे वडील पावसाची वही ठेवायचे. अंगणात पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला नोंद, जवळपास तीस वर्षांची. आम्ही भावंडांनी हौसेने त्याची वेबसाइट करून घेतली. करून देणारा ओळखीतलाच होता, कामही चांगलं केलं त्याने. मात्र वेबसाइटचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो त्याने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतला होता, आणि हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. पुढे त्याने धंदा बंद केला, फोन बदलला आणि एका वर्षी डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं. पत्ता सुटला. तो दुसऱ्याच कोणीतरी उचलला आणि एके दिवशी वडिलांनी चष्मा लावून आपली वेबसाइट उघडली तर समोर रमीची जाहिरात. ‘माझा पाऊस कुठे गेला?’ असं त्यांनी विचारलं. आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं. कागदाची वही कपाटात शाबूत होती, एवढंच नशीब.

तेव्हापासून मला कोणी वेबसाइटबद्दल विचारलं की मी रंग, फोटो, डिझाइन काही बोलत नाही. किल्ली कोणाकडे आहे, ते विचारते. ज्या ईमेलने वेबसाइट उघडते त्या ईमेलचा मालक तोच वेबसाइटचा मालक. पैसे कोणी दिले, मजकूर कोणाचा, आई कोणाची, याला तिथे काडीचीही किंमत नाही.

म्हणून ताई, पहिलं काम वेबसाइटचं नाहीच. या वहीपुरतं एक नवीन जीमेल खातं काढा. बँक, पेन्शन, गॅस असलं काही त्यात येऊ देऊ नका. फोन नंबर तुमचाच द्या, नातीचा नको. नाती शिकायला बाहेरगावी जातात, सिम बदलतात. पासवर्ड म्हणून तुम्हालाच आठवतील असे तीन-चार शब्द आणि एखादा आकडा असा लांबलचक घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. हो, कागदावर. पासवर्ड लिहू नये असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल, पण चोर साताऱ्यातल्या तुमच्या कपाटात येऊन ओव्यांच्या खात्याचा पासवर्ड शोधेल ही शक्यता आणि तुम्ही तो विसराल ही शक्यता, दोन्ही तागडीत घालून पाहा. गुगल ‘बॅकअप कोड’ म्हणून आठ-आठ आकड्यांचे दहा नंबर देतं. फोन हरवला तर तेच तारतात. तेही छापून त्याच पाकिटात ठेवा.

आता पंचवीस हजारांचं. तो मुलगा लुबाडतोय असं मी म्हणणार नाही. दुकान थाटायचं असेल, ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील, तर तेवढा खर्च येऊ शकतो. तुम्हाला मात्र दोनशे ओव्या, थोडे फोटो आणि थोडा आवाज एवढंच ठेवायचंय. त्याला खर्च शून्य रुपये. लॅपटॉपला माउस नसेल तर तो तेवढा घ्या. कंप असलेल्या हाताला लॅपटॉपची ती सपाट पाटी फार छळते.

कुठे करायची? माझं मत गुगल साइट्सला. त्याच नवीन जीमेलने उघडतं आणि वेगळे पैसे पडत नाहीत. ब्लॉगर हाही चांगला पर्याय आहे, १९९९ पासून टिकून आहे. पण त्याचा स्वभाव रोजनिशीचा: आज लिहिलेलं वर, कालचं खाली. ज्यांना दर आठवड्याला काही लिहायचंय त्यांनी तिकडे जावं. तुमची वही संपलेली आहे. तिला तारखेप्रमाणे नव्हे, विषयाप्रमाणे कप्पे हवेत. आणि वर्डप्रेसचं नाव कोणीतरी काढेलच, म्हणून सांगून ठेवते. इंटरनेटवर स्वतः भाड्याने घेतलेल्या जागेवर बसवलेलं वर्डप्रेस म्हणजे दावणीला म्हैस. दूध भरपूर देते, पण रोजचं शेणघाण, वैरण, दवापाणी चुकत नाही. तिथे सतत काहीतरी अद्ययावत करावं लागतं, न केलं तर कोणी बाहेरचा घुसतो. तुम्हाला या वयात म्हैस कशाला?

नातीच्या इन्स्टाग्रामलाही मी नावं ठेवत नाही. मात्र तिथे आज टाकलेली भावाची ओवी पुढच्या महिन्यात कोणाला शोधायची झाली तर बोट झिजेल. इन्स्टाग्राम म्हणजे दवंडी आणि वेबसाइट म्हणजे घर. दवंडीचं काम नातीला देऊन टाका, खूश होईल.

हाताच्या कंपासाठी एक गोष्ट आधी करून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ नावाची सोय असते. उजवीकडची शिफ्टची कळ आठ सेकंद दाबून धरली की ती सुरू करायची का असं विचारतं. ती चालू असली की बोट थरथरून एकच कळ चार वेळा लागली तरी संगणक ते मनावर घेत नाही. अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह, पान मोठं होतं. काही बिघडलं तर कंट्रोल आणि झेड, केलेलं मागे जातं. आणि भीती अशी ठेवूच नका, कारण गुगल साइट्समध्ये तुम्ही कितीही गोंधळ घाला, ‘पब्लिश’ हे बटण दाबेपर्यंत जगाला काही दिसत नाही. पब्लिश केल्यानंतर चूक सापडली तरी दुरुस्त करून पुन्हा पब्लिश. खडूने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. फळ्याची सवय तुम्हाला आहेच.

खरी मेहनत आहे ती वही संगणकात उतरवण्याची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

टायपिंग लॅपटॉपवर करू नका. फोनमध्ये त्याच जीमेलने गुगल डॉक्स उघडा, जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या कीबोर्डवर, मराठी घ्या आणि ओसरीत बसून दिवसाला चार-पाच ओव्या उतरवा. अक्षरं दाबायला त्रास झाला तर जीबोर्डवर बोटाने लिहिण्याचीही सोय आहे, पाटीवर गिरवल्यासारखं. फोनवर लिहिलेलं आपोआप लॅपटॉपवरच्या डॉक्समध्ये दिसतं, तिथून उचलून वेबसाइटवर चिकटवायचं. लॅपटॉपचं काम एवढंच.

बोलून टाइप करण्याची सोयही आहे आणि तुमच्या हातासाठी ती फार मोलाची वाटेल. पण जपून. ते यंत्र पुस्तकी मराठी शिकलेलं आहे. तुमची आई ‘न्हाई’ म्हणाली असेल तिथे ते ‘नाही’ लिहील, ‘पानी’चं ‘पाणी’ करील, ‘म्या’चं ‘मी’. एखादा ठसठशीत माणदेशी शब्द आला तर त्याच्या जागी भलताच शहरी शब्द बसवून मोकळं होईल. तुमच्यातली शिक्षिकाही इथे आडवी येणार, हे तुम्हीच ओळखून असाल. चाळीस वर्षं लाल शाईने शुद्धलेखन सुधारलंय, हात शिवशिवणारच. यावेळी लाल पेन बाजूला ठेवा. आईने जसं म्हटलं तसंच जाऊ द्या, आणि अवघड शब्दाचा अर्थ खाली एका ओळीत द्या. पत्रिका बोलून लिहायची असेल तर यंत्र चालेल, ओवी मात्र हातानेच उतरवा.

आधी तालुक्याच्या गावी एखाद्या डीटीपीवाल्याकडून काही पानं टाइप करून घेतली असतील तर तीही तपासा. जुन्या काळी श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप व्हायचं, ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर मराठीच दिसणारं अक्षर, नसे. ओळखायची सोपी खूण: त्यातली एक ओळ उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठीच दिसली तर ठीक. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा शिरवळ्या-शेवयांसारखा गुंता दिसला, तर ते वेबसाइटच्या कामाचं नाही. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार त्यात हमखास घसरतात, म्हणून पुन्हा वाचावं लागतंच.

प्रत्येक ओवीच्या खाली कोणी म्हटली, गाव कोणतं, तालुका कोणता, तुम्ही कधी उतरवली, हे लिहा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात. एक दुपार काढून ते पाहा. गाणारीचं नाव आणि गाव ओवीसोबत ठेवल्याने काय फरक पडतो, ते तिथे कळतं. नाहीतर ओवी ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली जाऊन बसते आणि तुमची आई त्यातून नाहीशी होते.

कप्पे किती? पाच पुरेत. आई आणि तिचं जातं हे पहिलं पान, मग भाऊ आणि माहेर, सासर, शेत-पाऊस-पीक, आणि देवाचं. देवाच्या पानात शिंगणापूरचा महादेव आणि म्हसवडचा सिद्धनाथ असतीलच, विठोबाही असेल. पाचाची पंधरा पानं करण्याचा मोह होईल. करू नका. बघणारा माणूस बहुतेक वेळा फोनवर, एस.टी.त बसून, एका हाताने बघणार आहे. तो पंधरा दारं उघडत बसत नाही. गुगल साइट्समध्ये ‘प्रीव्ह्यू’ दाबलं की फोनवर पान कसं दिसेल ते दाखवतं. पब्लिशच्या आधी एकदा ते नक्की पाहा. अक्षर काळं, मागचा रंग पांढरा. फोटोवर अक्षरं लिहू नका, फुलाफुलांची नक्षी नको. तुमच्या वयाच्या मैत्रिणींनाच ते वाचायचंय, आणि त्यांतल्या निम्म्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय.

वहीच्या पानांचे फोटोही घाला. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. अँड्रॉइड फोनवर गुगल ड्राइव्हमध्येच कागद स्कॅन करण्याची सोय आहे, पान सरळ करून देतं. निळ्या शाईतलं १९८७ मधलं तुमचं अक्षर, मध्येच खाडाखोड, समासात आईने सांगितलेला अर्थ, या गोष्टी टाइप केलेल्या मजकुरात येत नाहीत.

आणि आवाज. ताई, तुम्ही पत्रात आवाजाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, त्याचं मला आश्चर्य वाटलं. ओवी छापली की तिची चाल जाते. तुम्हाला आईची चाल येत असेल, येतच असणार, तर फोनच्या रेकॉर्डरवर दहा ओव्या म्हणा. गळा कसा आहे हे विसरा. पंखा बंद, खिडकी बंद, कुकर लावलेला नसताना. ती फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून वेबसाइटच्या पानात बसवता येते. फक्त एक अडचण येते, आणि त्यात भले भले फसतात: ड्राइव्हमधली फाइल मुळात खासगी असते. तुम्हाला स्वतःला ती वाजते, म्हणून वाटतं सगळ्यांना वाजते. बाकीच्यांना ‘परवानगी मागा’ असं दिसतं. फाइलच्या ‘शेअर’मध्ये जाऊन ‘दुवा असलेल्या कोणालाही’ असं करा, मग शेजारणीच्या फोनवर उघडून खात्री करा.

जागेची चिंता नको. गुगलच्या मोफत खात्यात ईमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून १५ जीबी जागा मिळते. तुमची वही, फोटो आणि तासभर आवाज त्यात मावून वर उरेल.

काय घालू नये, तेही सांगते. स्वतःचा मोबाइल नंबर नको, घराचा पत्ता नको. संपर्कासाठी ते नवीन ईमेल पुरे. घरच्यांच्या पूर्ण जन्मतारखा नकोत. तुमच्या आईचं माहेरचं आडनाव लिहायचं की नाही, हा मात्र पेच आहे. ओव्यांच्या दृष्टीने ते महत्त्वाचं, पण ‘आईचं माहेरचं नाव’ हा सुरक्षेचा प्रश्न म्हणून काही ठिकाणी अजून विचारतात. मी तुमच्या जागी असते तर आडनाव लिहिलं असतं आणि तो प्रश्न जिथे जिथे दिलाय तिथे बदलून टाकला असता. शेजारच्या बायकांच्या ओव्या वहीत असतील तर त्यांच्या घरी एक फोन करा. नकार क्वचित येतो, आणि फोन केल्यावर एखादी जास्तीची ओवी मिळते.

वेबसाइट निघाली की ‘तुमची साइट बंद होणार आहे, पैसे भरा’ किंवा ‘गुगलवर पहिल्या नंबरला आणतो’ असे मेल येतील. ही वेबसाइट मोफत आहे, तिचं बिल येऊच शकत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मे ठग परस्पर गळतील. कोणी फोनवर ‘मदत करतो’ म्हणून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, पहिलं वर्षभर घेऊच नका. गुगलचा लांबलचक मोफत पत्ता चालतो. लोक तो टाइप करत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवतात. वर्षभराने घ्यावासा वाटला तर तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर, तुमच्या हाताने घ्या. २०१४ पासून देवनागरीतला ‘.भारत’ पत्ताही मिळतो आणि ओव्यांना तो शोभेल खरा, पण टाइप करताना लोक अडखळतात. साधा ‘.इन’ बरा. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा दर आधी विचारा.

आता तुमच्यामागे काय. गुगलचा नियम असा की दोन वर्षं ज्या खात्यात कोणी शिरलंच नाही ते खातं, आतल्या सगळ्या ऐवजासकट, ते काढून टाकू शकतात. म्हणजे तुमच्यानंतर कोणी कुलूप उघडलंच नाही तर आईच्या ओव्या एक दिवस गुपचूप जातील. त्यावर उपाय गुगलनेच ठेवलाय. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ शोधा. तीन महिने ते अठरा महिने यांतली एक मुदत निवडायची, आणि तेवढा काळ खातं निपचित राहिलं तर कोणाला कळवायचं, कोणाला काय द्यायचं, ते लिहून ठेवायचं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. तुम्ही दोन द्या, नात आणि मुलगा. डोक्याला ताप म्हणणाऱ्या मुलाचं नाव मुद्दाम घालायला सांगतेय. शिवाय नातीला आताच वेबसाइटची ‘एडिटर’ करून टाका. ती बदल करू शकेल आणि मालकी तुमचीच राहील.

पब्लिश झाल्यावर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानांचे पत्ते टाकून त्यांची प्रत जतन करा. १९९६ पासून ही संस्था जगभरच्या वेबसाइटच्या प्रती ठेवतेय, फुकट. आमच्या वडिलांच्या पावसाची काही पानं शेवटी तिथेच सापडली, कोणीही मुद्दाम न ठेवता. सगळी नाही. आणि सगळ्या ओव्या कागदावर छापून दोन प्रती बांधून घ्या, एक घरात आणि एक माहेरच्या गावच्या वाचनालयात. मूळ वही अर्थातच तुमच्या कपाटात, तेलाच्या बाटलीपासून लांब.

ता. क. मध्ये विचारलंय त्या दोन ओव्यांचं. नाही ताई, स्वतःच्या मनाने पूर्ण करू नका. तुम्हाला जमेल, यमकही जुळेल, कोणाला कळणारही नाही, म्हणूनच नको. जिथपर्यंत अक्षर लागतं तिथपर्यंत लिहा, पुढे टिंबं द्या, शेजारी तेलाच्या डागासकट पानाचा फोटो लावा. पण त्याआधी एक सांगा, आईबरोबर जात्यावर दुसऱ्या बाजूने खुंटा धरणारं कोण असायचं? जाऊ, नणंद, शेजारीण? त्यांच्यापैकी कोणी माहेरच्या गावी अजून आहे का? असेल तर लॅपटॉप राहू द्या, जीमेल राहू द्या, येत्या रविवारी म्हसवडची एस.टी. धरा. पहिला अर्धा चरण तुम्ही म्हणा आणि गप्प बसा. निघताना फोन पूर्ण चार्ज केलेला असू द्या.